आईच्या हाताचा नमुना

आमच्या घरात कुठलाही पदार्थ ताटात पडण्याआधी आईच्या नाकाखालून जात असे. मिरकरवाड्याच्या बंदरातून आणलेली सुरमई असो, शेजारून आलेली खीर असो की बाबांनी बोटीवरून आणलेला चीजचा डबा असो, ती एकदाच हुंगायची आणि निकाल द्यायची. त्या निकालावर अपील नसे. बाबा मालवाहू बोटीवर नोकरीला होते आणि वर्षातला थोडाच काळ घरी असत. आले की तिच्या या सवयीची थट्टा करत. म्हणत, मला पण आधी हुंगून मगच घरात घेते. पण त्यांच्या त्या परदेशी डब्याला तिने एकदा परसात खड्डा करून पुरलं होतं आणि बाबांनी चकार शब्द काढला नव्हता. पुढे आयुष्यभर मी जे काम केलं, म्हणजे लोकांच्या खाण्यात काय बिघडलंय ते शोधायचं, त्याची सुरुवात कुठे झाली असं कुणी विचारलं की मी कॉलेजचं आणि आमच्या सरांचं नाव सांगत आले. आईच्या नाकाचं सांगायला हवं होतं. ते सांगितलं नाही, कारण तिचं नाव घेतलं की पुढचं सगळंच सांगावं लागलं असतं.

आमचं घर रत्नागिरीत, बंदराच्या वरच्या अंगाला, चढावावर होतं. चिऱ्याच्या भिंती, पुढे शेणाने सारवलेलं अंगण, मागे दोन माड आणि एक जांभा फोडून केलेली उथळ विहीर, जी पाऊस सरला की आटायची. सकाळी जाग यायची ती खालच्या बर्फ फोडायच्या यंत्राच्या आवाजाने. आधी घरघर, मग लादी आत पडल्याचा खडखडाट, मग लिलावाच्या ओरडण्याचा गलका. त्या गलक्यावरून आईला म्हावरं किती आलंय याचा अंदाज येई. आज ओरड कमी आहे, भाव चढा असणार, आज कुळथाची पिठीच करू, असं ती अंथरुणातूनच ठरवायची. आम्ही दोघीच घरात, म्हणून खाणं साधं असे. सकाळी मऊ भाताची पेज आणि पापड, दुपारी भात, आमटी, एखादं कालवण. पण दुसऱ्यांसाठी रांधायचं म्हटलं की आईच्या अंगात वेगळंच बळ संचारायचं. आळीत कुणाकडे बारसं, डोहाळजेवण, साखरपुडा असला की शिरवळ्या आईनेच करायच्या, हे ठरून गेलेलं होतं. त्यासाठी कुणी तिला काही देत नसे आणि तिला ते नकोही असे. नलूताईंच्या शिरवळ्या, एवढं म्हटलं की तिचा चेहरा उजळायचा. तिला शाळा चौथीपर्यंतच मिळाली होती. बाबांच्या पगारावर घर चालत होतं. तिचं स्वतःचं म्हणून जे होतं, ते त्या साच्यातून खाली उतरत असे.

ज्यांनी खाल्ल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. तांदळाच्या पिठाची उकड काढायची, तिचे मोठे गोळे उकळत्या पाण्यात शिजवायचे आणि गरम असतानाच लाकडी साच्यात घालून दाबायचे. खाली पांढऱ्या शेवया पडतात, त्या शिरवळ्या. दाबायला दोघींचं बळ लागतं. त्या खायच्या नारळाच्या गोड रसात. नारळ खवायचा, पाट्यावर वाटायचा, पंच्यात घालून हाताने पिळून दूध काढायचं, त्यात गूळ आणि वेलची. हा रस उकळत नाहीत, उकळला की फाटतो. हे शेवटचं वाक्य मी पुढे कितीतरी वर्गांत फळ्याजवळ उभं राहून सांगितलं आहे.

आईला दाबायला मदत करायची ती यशोदा. ओहोळापलीकडे तिचं झोपडं होतं. नवरा मुंबईला गेलेला, तो सणालाही यायचा नाही. आमच्या आळीतल्या चार घरची भांडी, नारळ सोलणं, पावसाळ्याआधी सुकट वाळवणं, अशी कामं करून ती मुलाला वाढवत होती. आईला ती वयनी म्हणायची आणि मला बाय. लहानपणी आई बाजारात गेली की मी तिच्याच मांडीवर असायची. दोघी साचा दाबायला बसल्या की आधी आई नवऱ्यांच्या गाऱ्हाण्यांना सुरुवात करी, मग यशोदा, आणि गोळा संपेपर्यंत दोघी हसून हसून बेजार झालेल्या असत.

मी तेव्हा नुकतीच पदवी घेऊन गावातच एका प्रयोगशाळेत, कॉलेजात शिकवणाऱ्या सरांच्याच हाताखाली लागले होते. कोळंबी परदेशी जायची, तिच्या आणि बर्फाच्या तपासण्या तिथे होत. माझं काम बाटल्या धुण्यापासून सुरू झालं होतं आणि आता कुठे मला स्वतःच्या हाताने काचेच्या बशीत जंतू वाढवायला मिळू लागले होते. घरी आले की मी आईला ऐकवायची, हुंगून काही कळत नसतं, वास न येताही अन्न विषारी असू शकतं. आई ऐकून घ्यायची. एकदा म्हणाली, "मग इतकी वर्षं तू जिवंत कशी राहिलीस?" मला राग आला होता. आज ते आठवलं की हसू येत नाही.

सुनंदा माझी बालमैत्रीण, शेजारच्या काकींची मुलगी. तिचं पहिलंच बाळंतपण, माहेरी डोहाळजेवण ठरलं. पाऊस सरून ऑक्टोबरची काहिली सुरू झाली होती. आदल्या आठवड्यात शिंगाळा मासा साफ करताना त्याचा काटा आईच्या उजव्या तर्जनीला नखाशेजारी लागला होता, आणि तिथे नखुरडं झालं होतं. बोट लाल, टम्म. हळद लावून तिने त्यावर चिंधी बांधली होती. मी ते बघितलं होतं. जंतूंचं शिक्षण घेतलेली मी, त्या घरात राहणारी मी, आणि मी तिला एवढंच म्हटलं की डॉक्टरांना दाखवून ये. ती म्हणाली, कार्यक्रम झाला की जाते. आणि मी डबा घेऊन कामावर निघून गेले.

त्या दिवशी नळाला पाणी आलं नाही. यशोदाने तिच्या वाडीच्या विहिरीवरून हंडे वाहून आणले. सकाळी लवकर रस काढून झाला, आणि मोठ्या टोपात झाकून काकींच्या माजघरात ठेवला. पाहुण्यांना यायला दुपार झाली. सुनंदाच्या सासरची माणसं सावर्ड्याहून यायची होती, त्यांची गाडी वाटेत बंद पडली होती. पंगत बसली तेव्हा मी हजर होते. सुनंदा हिरव्या साडीत पाटावर बसली होती, तिने दोनदा रस मागून घेतला. मी स्वतः पित्ताने हैराण होते म्हणून गोड टाळलं. आईने तर खाल्लंच नव्हतं, वाढणारीला शेवटी भूक राहत नाही असं ती म्हणायची.

ऊन उतरायच्या आत पहिली बाई उलटी करायला परसात धावली. मग दुसरी. दिवेलागणीपर्यंत काकींच्या घरातून आणि शेजारच्या घरांतून नुसते ओकाऱ्यांचे आवाज येत होते. कुणाच्या पोटात मुरडा, कुणाला घाम, कुणाला उभं राहवत नव्हतं. सगळ्यांत वाईट अवस्था सुनंदाची. तिच्या पोटात काही राहीना, ओठ सुकून गेले, ती माझा हात धरून सारखी विचारत होती, बाळ हलत नाहीये का गं? रिक्षातून तिला सिव्हिलमध्ये नेलं, सलाईन लावलं. आई काकींच्या अंगणात तुळशीपाशी उभी होती. मी तिला घरी चल म्हटलं तर ती म्हणाली, तू जा, मी आहे.

बाकीच्या बायका सकाळपर्यंत सावरल्या. सुनंदाला दवाखान्यात ठेवून घेतलं. आता भीती ओसरली तशी रागाला जागा झाली. सुनंदाच्या सासूबाई काकींच्याच घरी मुक्कामाला होत्या, त्यांनी सरळ विचारलं की आमच्या सुनेला काय खायला घातलंत. पोलिसात जाण्याची भाषा निघाली. काकी बावरल्या. त्यांना उत्तर हवं होतं आणि ते त्यांना समोरच सापडलं: यशोदाच्या विहिरीचं पाणी. नाहीतरी ती विहीर उघडी, त्या वाडीतली माणसं कुठे काय धुतात कोण बघतं. दुपारपर्यंत ते आळीभर झालं. संध्याकाळी यशोदा भांड्यांना गेली तर एका घरी तिला दारातूनच परत पाठवलं, दुसऱ्या घरी नळाखाली हात धुऊन ये म्हणाले, आणि मग उद्यापासून येऊ नको म्हणाले. ती कुणाशी भांडली नाही. आमच्याकडे आली, भांडी घासली, जाताना आईकडे बघून म्हणाली, "वयनी, बोटाला तेल लावा." एवढंच.

मी सरांना सांगितलं. त्यांनी आधी विचारलं की जेवल्यावर किती वेळाने उलट्या झाल्या, ताप होता का, न खाल्लेलं कुणी आजारी पडलं का. मग म्हणाले, पाण्याचं इतक्या लवकर होत नाही, हे अन्नात आधीच तयार झालेलं विष दिसतंय, उरलेलं काही असेल तर आण. काकींच्या टोपात तळाशी रस उरला होता, भीतीने कुणी त्याला हात लावला नव्हता. मी तो बाटलीत घेतला. विहिरीचं पाणी घेतलं. आणि ज्यांचे हात त्या स्वयंपाकाला लागले होते, त्यांच्या हातांचे नमुने घ्यायला कापसाच्या निर्जंतुक काड्या घेऊन निघाले. मला सांगायला हवं की त्या दिवशी मी खूश होते. सुनंदा दवाखान्यात पडली होती, यशोदाची कामं गेली होती, आणि मी मात्र माझ्या पहिल्या खऱ्या तपासाला निघाले होते.

यशोदाने दोन्ही हात पुढे केले आणि मान वळवली, जणू सुई टोचणार आहेत. काकींनी कुरकुर करत बोटं दिली. आई चुलीपुढे बसली होती. मी काडी काढली तेव्हा तिने आधी डावा हात पुढे केला. मी म्हटलं, हा नाही, दुसरा. तिने माझ्याकडे बघितलं. मग चिंधी सोडली आणि तर्जनी माझ्यासमोर धरली. नखाच्या कडेला पू साचला होता. मी काडी फिरवली, नळीत घातली, वर चिठ्ठी चिकटवली आणि निघाले. ती लाजली असेल असं मला वाटलं. त्यापुढे मी काही विचार केला नाही.

बशा उबेला ठेवल्या. सर हर्णेला गेले, तिथून सुकी मासळी तपासायला आणायची होती. जाताना मला बजावून गेले, काहीही उगवलं तरी मी येईपर्यंत कुणाला सांगू नकोस, एकदा परत करून बघू. मी मान डोलावली.

बशी उघडली तेव्हा जंतू वाढवायला तिच्यात घातलेला गुलाबी थर पिवळा झाला होता आणि त्यावर सोनेरी ठिपके उमटले होते. रसाच्या बशीत दाट. आईच्या बोटाच्या बशीत दाट. यशोदाच्या बशीत तसलं काही नव्हतं, काकींच्याही नाही. विहिरीच्या पाण्यात दोष होता, पण हा नव्हता. मी पुढची चाचणीही केली, सशाच्या रक्तातला द्रव या जंतूने गोठतो का ती, आणि तो गोठला. हे लिहिताना आजची मी मध्येच बोलते: तेवढ्यावर खात्री देता येत नाही. हा जंतू कितीतरी निरोगी माणसांच्या नाकातही असतो, दोन्ही ठिकाणचा एकच आहे हे ठरवायला आणखी तपास लागतो. माझ्या हाताखालच्या मुलीने एवढ्यावर कुणाचं नाव घेतलं असतं तर मी तिला बाहेर काढलं असतं. निकाल बरोबर निघाला तो माझ्या नशिबाने.

मला थांबवेना. यशोदा घरी बसली होती, हे एक कारण. ते खरं होतं आणि मी आयुष्यभर तेच पुढे करत आले. दुसरं कारण हे की ते ठिपके मला कुणालातरी दाखवायचे होते. मी बशा फडक्यात गुंडाळल्या, जे कधी करू नये ते केलं, आणि सकाळीच काकींच्या घरी गेले. सुनंदाला आदल्याच दिवशी घरी आणलं होतं. बाळ ठीक होतं. पडवीत बायका जमल्या होत्या, सुनंदाच्या सासूबाई मध्ये खुर्चीवर. यशोदाला काकींनी जाब विचारायला बोलावून घेतलं होतं, ती खाली अंगणात उभी होती. आणि आई सुनंदाच्या उशाशी बसली होती, पेजेचं भांडं घेऊन. बोटाला आता डॉक्टरांनी बांधलेली पांढरी पट्टी होती.

मी म्हटलं, यशोदाचा काही दोष नाही. सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. मी फडकं सोडलं आणि बशा पडवीच्या कठड्यावर मांडल्या. आधी विहिरीचं पाणी दाखवलं. मग यशोदाच्या हाताची बशी उजेडाला धरली, हे बघा, इथे तो जंतूच नाही. मग रसाची. मग मी एक क्षण थांबले. थांबले ते कचरून नाही, वर्गात सर थांबायचे तशी थांबले.

"आणि ही आईच्या बोटाची," मी म्हणाले. "दोन्ही एक आहेत. रस पिळताना तिच्या नखुरड्यातून हे त्यात गेलं."

खालून बर्फाच्या यंत्राची घरघर येत होती. सासूबाईंनी आईकडे बघितलं, मग सगळ्यांनीच. आईने पेजेचं भांडं जमिनीवर ठेवलं. तिचे ओठ हलले असं मला वाटलं, पण ती फक्त "बरं" म्हणाली. पदर नीट केला आणि उठून आमच्या घराकडे चालू लागली. अंगणात ती यशोदाच्या जवळून गेली. यशोदाने तिच्या दंडाला हात लावला. आई थांबली नाही.

आईला कुणी दूषण दिलं नाही, हे मला सांगायला हवं. काकी दुसऱ्याच दिवशी येऊन गेल्या, म्हणाल्या, नलूताई, तुम्ही काय मुद्दाम केलंत? सासूबाई सावर्ड्याला परत गेल्या, पोलिसांचं नाव कुणी काढलं नाही. दोनेक महिन्यांत सुनंदाला मुलगा झाला, सात पौंडांचा. यशोदाची कामं परत मिळाली. मला वाटलं होतं ती माझ्याजवळ येईल, काहीतरी बोलेल. खरं सांगायचं तर मी वाट बघत होते. ती आली, आमच्या मोरीत भांडी घासत बसली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू कशाला बोललीस गो बाय? मी बसले असते चार दिस घरात. लोक इसरतात." मला तिचा राग आला. तुझ्यासाठीच बोलले ना, असं मी म्हटलं. ती राखेने तांब्या घासत राहिली.

बारशाला आईला शिरवळ्यांचं बोलावणं आलं नाही. आलं असतं तरी ती गेली नसती. साचा तिने फळीवरून काढला, धुतला, वाळवला आणि काकींना देऊन टाकला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिने दुकानातून आणलेले पेढे वाटले. आळीत कुणाकडे कार्य असलं तर ती फुलं ओवायला बसे, पाट मांडे, पंगत उठल्यावर केर काढी, पण अन्नाला हात लावत नसे. घरात आम्हा दोघींपुरतं रांधायची, आणि आमटी चाखताना माझ्याकडे बघायची. पूर्वी ती हुंगायची तेव्हा कुणाकडे बघत नसे. बाबा सुट्टीवर आले, त्यांना शेजारच्या काकांकडून कळलं असावं. त्यांनी मला काही विचारलं नाही. फक्त एकदा जेवताना थट्टेच्या सुरात, मला हुंगणार नाहीस का, असं तिला म्हणाले आणि ती उठून आत गेली. मग ती थट्टाही घरातून गेली.

सर परत आले, त्यांनी सगळं पुन्हा करून बघितलं. माझं बरोबर निघालं. थांबायला सांगितलं होतं त्याबद्दल ते बोलले, पण फार नाही, कारण त्यांना माझा अभिमान वाटत होता. त्यांच्याच शब्दामुळे मला मुंबईच्या मोठ्या प्रयोगशाळेत जागा मिळाली. तिथून माझं सगळं आयुष्य झालं. लग्नाच्या पंगतींमधले पेढे, वसतिगृहातला भात, बर्फ, दूध, कोळंबी, बांगड्याचं कालवण. माणसं ओकत असत आणि मी उलटा माग काढत जाई, ताटापासून पातेल्याकडे, पातेल्यापासून हाताकडे. कितीतरी हात पाहिले. आचाऱ्यांचे, वाढप्यांचे, एका शाळेत खिचडी करणाऱ्या बाईचे. प्रत्येक वेळी मी आधी त्या माणसाला एकटं गाठून सांगत असे, मगच अहवाल देत असे. वरिष्ठांना ते आवडायचं नाही, पुरावा नष्ट होतो म्हणायचे. मी ते सोडलं नाही, आणि का सोडत नाही हे कुणाला सांगितलंही नाही. पण वर्गात शिकवायची वेळ आली की सरांप्रमाणेच मीही ते उदाहरण द्यायची: एक गृहिणी, उजव्या तर्जनीला नखुरडं, नारळाचा न उकळलेला रस. मुलं भराभर उतरवून घ्यायची. परीक्षेत त्यावर प्रश्नही येई. तो मीच काढायची. उदाहरण चांगलं होतं.

बाबा गेल्यावर आईला मी मुंबईला आणलं, पण ती रमली नाही. निवृत्त होऊन मीच रत्नागिरीला परतले. त्यानंतरच्या एका हिवाळ्यात यशोदा गेल्याचा निरोप आला. तिचा मुलगा पुढे सावर्ड्याला गॅरेजात लागला होता, तिथेच ती शेवटची वर्षं राहिली. आई ऐंशीच्या पुढे गेली होती, गुडघे धरलेले, तरी म्हणाली, मला जायचंय. आम्ही एसटीने गेलो. मुलाने चहा दिला, म्हणाला, आई झोपेतच गेली. भिंतीवर यशोदाचा फोटो होता, त्यात ती कधी नव्हती इतकी गोरी दिसत होती. आई त्याच्याकडे बराच वेळ बघत बसली.

परतीच्या गाडीला वेळ होता. सावर्ड्याच्या स्टँडवर आम्ही बाकावर बसलो. दुपारचं ऊन, समोर एक माणूस कलिंगडाच्या फोडी कापून उघड्यावर मांडत होता, आणि मी सवयीने त्याच्या सुरीकडे आणि हातांकडे बघत होते. आई एकदम म्हणाली, "तिने बघितलं होतं."

मला कळलं नाही. मी विचारलं, कुणी?

"यशोदाने. रस पिळताना चिंधी सुटली होती माझी. ती समोरच नारळ वाटत बसली होती. म्हणाली, वयनी, द्या, मी पिळते. मी म्हटलं, सुनंदाचं पहिलंच आहे, मीच पिळणार."

कलिंगडवाल्याने माशा हाकलल्या. मी विचारलं, मग तिच्यावर आळ आला तेव्हा ती बोलली का नाही?

"माझ्यासाठी गप्प बसली." आई माझ्याकडे बघत नव्हती. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, विजू. ओकाऱ्यांचे आवाज ऐकले तेव्हाच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सांगायला म्हणून निघाले, काकींच्या अंगणाच्या गडग्यापर्यंत गेले. आत सासूबाईंचा आवाज चढला होता. धीर झाला नाही, परत आले. तिसऱ्या दिवशीही तसंच. मग सुनंदाला घरी आणली, तेव्हा ठरवलं, सकाळी पेज घेऊन जायचं. तिच्या पोटात चार घास जाऊ देत, मग सगळ्यांसमोर बोलायचं. यशोदा तिथे आली तेव्हा म्हटलं, बरं झालं, तिच्यासमोरच होईल."

तिने मांडीवरची पिशवी बाकावर ठेवली.

"तेवढ्यात तू आलीस."

मी म्हटलं असेन की मला माहीत नव्हतं. आईने माझ्या हातावर हात ठेवला, तिची बोटं आता सांध्यांत वाकली होती.

"तुझं चुकलं असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "खरं तेच बोललीस. पण ते मी बोलायचं होतं. तिच्यासाठी तेवढं एक मला करता आलं असतं."

चिपळूणकडून येणारी रत्नागिरी गाडी फलाटाला लागली. आई बाकाचा आधार घेऊन उठली आणि पिशवी घे म्हणाली. मी पिशवी घेतली, तिला हात देऊन पायरी चढवलं, खिडकीजवळ बसवलं. गाडी घाट उतरेपर्यंत ती झोपी गेली. सगळ्या जन्मात मी शेकडो माणसांना विचारत आले, तुम्ही काय खाल्लंत, केव्हा खाल्लंत, कुणाच्या हातचं खाल्लंत. त्या सकाळी तू पेज घेऊन तिथे का बसली होतीस, हे मी माझ्या आईला एकदाही विचारलं नव्हतं.